शिंगावरची डाक

डोमाजीकाका चिठ्ठी देताना आधी पायातली चप्पल काढायचे. भर उन्हात, चिखलात, कुत्रं अंगावर आलं तरी. का म्हणून विचारलं की म्हणायचे, "याच्यात कोनाचं तरी नशीब रायते ना बाई. चप्पल घालून देऊ काय?" आंबागडच्या डोंगराकडच्या आमच्या टोल्याचे, म्हणजे वाडीचे, ते पोस्टमन. राहायचे नाल्यापलीकडच्या गावात. नाल्याला पूल नव्हता. पूर आला की आमची डाक त्यांच्या घरी अडकायची आणि त्यांना जेवण जायचं नाही.

आमची चांदी म्हैस त्यांच्याकडूनच विकत घेतलेली. पण तिला जुना गोठा विसरवेल तर ना! रोज सकाळी नाला पोहून त्यांच्या दारात, संध्याकाळी आमच्या गोठ्यातल्या वगारीच्या, तिच्या पिल्लाच्या, ओढीने परत आमच्याकडे. माय कपाळावर हात मारायची. काकांच्या डोक्यात मात्र भलतंच शिजलं. "हे फुकट ये-जा करून रायली, तं डाक कायले नाई आननार?"

पहिल्यांदा त्यांनी पिशवी तिच्या गळ्यात बांधली. चांदीबाई नाल्याच्या मधोमध निवांत डुंबल्या आणि चार पोस्टकार्डांचा लगदा झाला. अख्खा टोला हसला. पोस्टातल्या साहेबांनी झापलं ते वेगळंच, पुन्हा असं केलंस तर घरी बस म्हणून. काका दोन दिवस काठावर बसून म्हैस पोहताना बघत राहिले. "सारं आंग बुडते, पन शिंगं नाई बुडत," एवढंच म्हणाले.

पुढच्या श्रावणात माझ्या नर्सिंगच्या प्रवेशाचा कागद आला. सोबतच्या संमतीपत्रावर सही करून ते दोन दिवसांत भंडाऱ्याला पोचवायचं, नाहीतर जागा दुसरीला. आणि नाला दुथडी भरलेला! काका पलीकडून ओरडले, "पोरी, तुहा कागद धाडून रायलो!"

"काका, तुमची नोकरी?"

"मी बसीन घरी. तुहा कागद नाई बसनार!"

संध्याकाळी चांदी आली. दोन शिंगांच्या मध्ये युरियाच्या पोत्यातली प्लॅस्टिकची पन्नी घट्ट बांधलेली, आत कागद खडखडीत कोरडा. मी लगेच संमतीपत्रावर सही केली.

सकाळी पन्नी पुन्हा शिंगांना बांधली, तर चांदी पाण्यात उतरेना. रोज पळणारी, नेमकी त्याच दिवशी ढिम्म! मी रडकुंडीला आले. पलीकडे काका तिला बोलवायला सरकीच्या ढेपेचं घमेलं वाजवत होते. अचानक थांबून ओरडले, "अवो, वगार काहून आनली काठावर? घरी न्या तिले!" खरंच की! चांदीला निरोप द्यायला टोला लोटला होता आणि त्या गर्दीत मायने वगारही आणली होती. वगार वळवली आणि चांदी धपकन पाण्यात शिरली. पाण्यावर नुसती शिंगं आणि पन्नी. पलीकडे काकांनी आधी चप्पल काढली, मग गाठ सोडली, आणि पन्नी डोक्यावर धरून अक्षरशः नाचले.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी सिस्टर झाले, आणि वॉर्डात कुणाला रिपोर्ट देताना आजही माझे पाय आपोआप चपलेतून निघतात. बरोबरीच्या हसतात. हसू देत! त्यांनी तो दिवस कुठे पाहिलाय?

त्या श्रावणात पूर ओसरल्यावर प्रवेश पक्का झाल्याचं पत्र घेऊन काका स्वतः आले होते. चप्पल काढून ते माझ्या हातात दिलं. मी पाया पडायला वाकले तर मागे सरले. तसेच अनवाणी गोठ्यात गेले आणि चांदीपुढे उभं राहून कडक सलाम ठोकला.

"पोस्टमन हे हाये बाई. मी तं नुसता पत्ता वाचतो."