शरदने वाचलेलं पुस्तक

केंब्रिजहून नर्सचा फोन आला तेव्हा मी कॉव्हेंट्रीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसले होते. शरद गेला. ‘नेक्स्ट ऑफ किन’ म्हणून त्याने माझं नाव दिलं होतं आणि मी तर त्याची कुणीच नव्हते... पुण्यातल्या कॉलेजपासूनची मैत्रीण, एवढंच.

चारशे वर्षांपूर्वीचे खगोलशास्त्रज्ञ एकमेकांची पुस्तकं कशी वाचत, हा त्याचा विषय. समासात शाईने शेरे मारायचे: ‘चूक’, ‘हे आमचंच चोरलंय’. विद्यार्थी गुरूचे शेरे आपल्या प्रतीत जसेच्या तसे उतरवून घेत, म्हणजे न वाचताच मत तयार! हे सांगताना शरद खो खो हसायचा. त्याचं वीस वर्षांचं काम मात्र एकाच प्रतीवर उभं होतं. एका बड्या ज्योतिर्विदाने प्रतिस्पर्ध्याचं पुस्तक चारचौघांत झिडकारलं, पण घरी बसून पानन् पान वाचलं आणि हळूहळू मान्य केलं, असं त्याने त्या प्रतीतल्या शेऱ्यांवरून मांडलं होतं.

मग लीड्सच्या एका प्राध्यापकाचं पुस्तक आलं. ते शेरे त्या ज्योतिर्विदाचे नव्हेतच, कुणा विद्यार्थ्याने उतरवलेले आहेत, असं त्यात होतं. शरदची केमो तेव्हा सुरू होती.

“संध्या, अगं, त्याने ओरिजिनल कॉपी नीट बघितलीच नाहीये, आय ॲम टेलिंग यू.”

“मग रिप्लाय लिही. सोडू नकोस त्याला,” मी म्हटलं. भांडायला काही असलं की माणूस टिकतो, असं मला वाटायचं. दर रविवारी फोन करून विचारायची, रिप्लाय कुठवर आला? “चाललंय,” तो म्हणायचा. आवाज खोल खोल जात होता. शेवटच्या भेटीत त्याने विचारलं, “तू वाचलंस ते बुक?”

“वाचायचंय काय त्यात? तूच बरोबर आहेस.”

त्याने माझ्या परतीच्या ट्रेनची वेळ विचारली.

त्याची खोली आवरायला गेले, तर रिप्लायचा एकही कागद सापडला नाही. लीड्सवाल्याचं पुस्तक उशाशी होतं. तिथेच जमिनीवर बसून पहिल्यांदा वाचलं. सुरुवातीला शरदचे पेन्सिलीचे शेरे, अगदी तावातावाने: ‘साफ चूक’, ‘गाढव!’ पाचव्या प्रकरणात प्राध्यापकाने दाखवलं होतं की एका शेऱ्यातली अख्खी ओळ मधूनच गळली आहे, आणि अशी चूक बघून उतरवणाऱ्याच्याच हातून होते. तिथून पुढे समास कोरे. शेवटच्या पानावर डिसेंबरची तारीख. तो गेला फेब्रुवारीत. म्हणजे दोन महिने मी त्याला नुसती छळत होते. तारखेखाली लिहिलं होतं, ‘हा बरोबर आहे. संध्याला कसं सांगू?’

सांगायचंस रे... रागावले असते तासभर. मग ट्रेन पकडून आले असते.