हळकुंड बांधून एमआरआय

माझा जबडा अडकला आणि घरात पहिल्यांदा शांतता झाली, असं माझा नवरा पाहुण्यांना हसत हसत सांगायचा. तोंडात जेमतेम एक बोट शिरत होतं. भाकरी बंद, नुसतं पातळ वरण. त्यात मी शाळेत मराठी शिकवते, म्हणजे तोंडावरच पोट. डॉक्टरांनी कानाजवळच्या सांध्याचा एमआरआय सांगितला आणि बजावलं, अंगावर धातूचा कणही नको.

घरात हलकल्लोळ झाला. जबड्यासाठी नव्हे, मंगळसूत्रासाठी.

"काढू नको वं माय," सासूबाई म्हणाल्या, "माह्या पोराच्या जिवाले काही झालं म्हणजे?"

"मशीन ओढून घेईल," मी दातांच्या फटीतून म्हटलं. शेवटी तोडगा निघाला. गळ्यात पिवळ्या दोऱ्यात हळकुंड आणि जोडव्यांच्या जागी नुसता दोरा. नांदुऱ्याहून बुलढाण्याला निघाले तेव्हा माझ्या अंगाला मसाल्याच्या डब्याचा वास येत होता.

सेंटरवर टेक्निशियननं सांगितलं, सोबत आत थांबायचं तर तुम्हीही सगळं काढा. नवऱ्यानं काढायला सुरुवात केली. किल्ल्या, घड्याळ, पट्टा. मग शनीची अंगठी, गुरूची अंगठी, तांब्याचं कडं, करदोड्याचा ताईत. ट्रे भरला. त्यानं एवढं उतरवलं, पण माझ्या जिवाची भीती कुणाला वाटली नाही, त्याला कुणी हळकुंड बांधलं नाही. मला हसू आलं, पण जबडा हसू देईना.

एक फोटो तोंड मिटून झाला. मग टेक्निशियन म्हणाला, "आता तोंड जेवढं उघडता येईल तेवढं उघडा." लग्न होऊन आल्यापासून मला असं कुणी सांगितलंच नव्हतं. मी उघडलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते दुखण्याचं होतं आणि रागाचंही.

रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "सांध्यातली चकती सरकली आहे. तुम्ही दात आवळून धरता. कसला ताण आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा बोलला, "तिले काऊन ताण राहीन, साहेब? तिले घरात काहीच कमी नाही."

सवयीनं माझे दात एकमेकांवर बसले. कानाजवळ कट्ट वाजलं. डॉक्टरांनाही ते ऐकू गेलं असावं, कारण ते माझ्याकडेच पाहत होते.

मी त्या एका बोटाच्या फटीतून नवऱ्याला म्हटलं, "तुमी जरा बाहेर बसा."