वाकडं बोट

बमरोलीत आमच्या खालच्या खोलीत एक पोरगा राहतो. भेटला की हळूच विचारतो, "काय चालू शे, काका?" आणि मी बोलत असताना डोळ्यांत न बघता माझ्या तोंडाकडे, हातांकडे बघत राहतो. शिंप्याने नजरेनेच माप घ्यावं तसा. आमच्या नगरसेवकाच्या व्हिडिओंची थंबनेलं, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसतं ते चित्र, तो बनवतो. स्वतः कधी आवाज चढवत नाही; त्याची चित्रं मात्र बोंबलत असतात. मागे लालभडक रंग, पिवळी ठसठशीत अक्षरं, नगरसेवकाचे वटारलेले डोळे. उघडून बघावं तर साहेब कुठल्याशा बाकड्याचं उद्घाटन करून पेढा खाताहेत.

मध्यंतरी गल्लीत पाणी येईना, म्हणून मी नगरसेवकाला सगळ्यांसमोर बोट रोखून जाब विचारला. हा बाजूला उभा राहून मोबाइलवर शूटिंग करत होता. आठवड्याने नवं थंबनेल आलं. साहेब रागाने बोट रोखून उभे होते आणि ते बोट टोकाला वाकडं होतं. कारखान्यात कापड विणायच्या लूममध्ये सापडून माझं वाकलंय, अगदी तसंच.

मी त्याला विचारलं, तर तो लाजल्यासारखा हसला. "साहेबांच्या बोटात दम नाही, काका. तुमचं लावलं आणि बघणारे वाढले."

गल्लीत पाणी अजून येत नाही. नगरसेवकाला पुन्हा गाठायला हवं. पण हा बाजूलाच उभा असतो, आणि माझा हात खिशातून निघत नाही.