दोन किलोंचा सल्ला

या बाईविषयी लिहायला बसले की माझं डोकं तापतं, आणि त्यात तिचा काडीचाही दोष नाही.

सात रस्त्यामागच्या आमच्या बोळात गुरुबसप्पांची पिठाची गिरणी होती. तिथं तानाबाई कामाला होती. मूळची सांगोल्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा ती आणि तिचा नवरा येडू सरकारी कामावर खडी फोडायला गेले. तिथं येडूच्या पायावर दगड पडला, तो कायमचा अधू झाला आणि दोघं सोलापुरात आली. गिरणीचं काम म्हणजे तानाबाईच्या आयुष्यातलं पहिलं सावलीतलं, बारमाही काम. ते टिकावं, एवढंच तिचं मागणं होतं. अंगानं बारीक. पण ज्वारीनं गच्च भरलेला तेलाचा डबा आधी मांडीवर घ्यायची, मग खांद्यावर, आणि तिथून जात्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असा उलटा करायची की एक दाणा खाली पडत नसे. लोकर कातरायच्या आधी मेंढ्या उचलून ओढ्यात धुण्यात तिचं लहानपण गेलेलं. डबा उचलताना ती कण्हल्याचं मी कधी ऐकलं नाही.

पंचाहत्तरच्या संक्रांतीला गुरुबसप्पांच्या घरी हळदीकुंकू होतं. त्यांची बायको दाक्षायणी सगळ्यांना वाण देत होती, आणि मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, मी पिशवीतून रविवारची पुरवणी काढली. एका नामवंत नटीनं तीत आपल्या बांध्याचं रहस्य सांगितलं होतं. स्त्रीनं दोन किलोंपेक्षा जड काही उचलू नये. उचललं तर दंड पैलवानासारखे होतात, आवाज घोगरा होतो, गर्भाशय जागचं सरकतं. ती स्वतः म्हणे रोज सकाळी आरशासमोर उभी राहून दोन हातांत दोन संत्री घेते आणि वीस वेळा वरखाली करते. यापलीकडे स्त्रीदेहाला व्यायाम झेपत नाही.

मी हे हसायला म्हणून वाचलं. शाळेत शिकवते, म्हणून सवयीनं आवाज काढून, हातवारे करून वाचलं. पण कुणी हसेना. दाक्षायणीनं मला तो मजकूर पुन्हा वाचायला लावला. एकीनं विचारलं, दोन किलो म्हणजे डब्यासकट की डबा सोडून? मी डोक्याला हात लावला.

पुढच्या आठवड्यात बोळातल्या एकाही बाईनं दळणाचा डबा उचलला नाही. या सगळ्या विहिरीवरून घागरी वाहून लहानाच्या मोठ्या झालेल्या, कडेवर पोरं घेऊन स्वयंपाक केलेल्या बायका. पण आता त्यांना अचानक आपापली गर्भाशयं आठवली. नवऱ्यांना सांगावं तर कुणाची पाठ दुखत होती, कुणाला गिरणीत जायची लाज. मग ठरलं, घरोघरचे डबे तानाबाईनं न्यायचे आणि आणून द्यायचे. सकाळी ती डोक्यावर एक आणि काखेत एक डबा घेऊन बोळातून जायची, आणि दारादारांत बायका संत्री वरखाली करत उभ्या असायच्या. पुरवणी छापणारे तरी काय, त्यांना दुसरं काही मिळालं नव्हतं का? तीनच वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात हजारो बायका खडीच्या पाट्या वाहत होत्या. तेव्हा कुणा नटीनं त्यांच्या बांध्याची काळजी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

माझ्यानं राहवेना. मी तडक दाक्षायणीकडे गेले आणि विचारलं, तानाबाई बाई नाही का? तिला गर्भाशय नाही का?

दाक्षायणी मनानं वाईट नव्हती, तीच तर अडचण होती. आपल्याकडून पाप घडतंय असं तिनं मनाला लावून घेतलं. दोनच दिवसांत गिरणीत तिचा दुधनीचा भाचा, चनमल्लप्पा, येऊन उभा राहिला. बाईमाणसाला जड उचलायला लावायचं नाही म्हणून तानाबाईला कामावरून काढलं. तेही कसं, तर पाटावर बसवून, खणानारळानं ओटी भरून.

ओटीतला नारळ तसाच पदरात घेऊन तानाबाई माझ्या दारात आली. बसली नाही.

"बाई, मला जड हुतंय असं म्या तुमाला कवा म्हनलं हुतं?"

मी म्हणाले, मला सगळ्यांचा राग आला होता.

"राग आला हुता तर दोन डबे तुमी उचलायचे हुते की. माझं काम कशाला घालवलं?"

पदरातला नारळ सावरत ती बोळातून निघून गेली.

दाक्षायणीची सासू अंथरुणाला खिळलेली होती, हे मी अजून सांगितलं नाही. कारण त्या घरात ते कुणी बोलतच नसे. तिला सगळे अव्वा म्हणत. गिरणी सुरू व्हायच्या आधी रोज सकाळी तानाबाई अव्वांना उचलून न्हाणीत न्यायची, आंघोळ घालायची, कोरडं नेसवून परत गादीवर ठेवायची. ते काम कुणी सांगितलेलं नव्हतं आणि कुणी मोजलेलंही नव्हतं. तानाबाई गेली, आणि ते काम कुणाचं हा प्रश्न दुसऱ्याच सकाळी उभा राहिला. चनमल्लप्पाच्या दंडात ताकद होती, पण परपुरुषाचा हात लागलेला अव्वांना चालत नव्हता. दाक्षायणीनं मला हाक मारली. आम्ही दोघींनी बगलेत हात घालून ओढून पाहिलं. अव्वा हातभर सरकल्या आणि दुखून रडायला लागल्या. ओल्या लुगड्यात त्या तशाच पडून राहिल्या. शेवटी दाक्षायणी स्वतः धावत जाऊन तानाबाईला घेऊन आली.

तानाबाईनं पदर खोचला. तिनं अव्वांना उचललं, न्हाऊ घातलं, केस पुसले, अंगावर पांघरूण घातलं. मग ओलं लुगडं पिळता पिळता म्हणाली,

"वैनी, अव्वा काय दोन किलोच्या हायत व्हय? हितं उचललं की पुण्य, आन् गिरणीत उचललं की पाप? म्या उद्यापासनं येते, पर गिरणीचं काम असंल तरच. एक धरायचं असंल तर दोनी धरा."

अव्वांनी पांघरुणातून हात काढून तानाबाईचं मनगट घट्ट धरलं आणि सोडेनात. बाहेरून गुरुबसप्पा कानडीत फक्त 'आयतु' म्हणाले, म्हणजे ठरलं. चनमल्लप्पा दुपारच्या गाडीनं दुधनीला गेला.

तानाबाई गिरणीत परत आली याचा मला आनंद झाला, पण राग गेला नाही. बोळातले डबे अजूनही तिच्याच डोक्यावर होते. माझा डबा तेवढा मी उचलायला लागले. त्या पुरवणीला मी सणसणीत पत्र लिहायचं ठरवलं, आणि एकदा दळणाला गेले तेव्हा तानाबाईला तसं सांगितलं. तुझी सगळी हकीकत लिहिते म्हणाले, म्हणजे त्यांचे डोळे उघडतील. तिनं माझा डबा पेटीत उलटा केला आणि हात झटकले.

"लिवा की," ती म्हणाली. "पर माझं नाव घालू नका. तुमी माझ्यासाटनं बोलला की माझं काम जातंय."

म्हणून इथं लिहिलेलं तानाबाई हे तिचं खरं नाव नाही.