मास्क, घोटा आणि चौदा-चौदा

दुखापतीच्या रजिस्टरमध्ये मी 'उजवा घोटा', 'डावी मांडी' एवढंच लिहिते. त्यामागचं सगळं मात्र डोक्यात साठत जातं, आणि चार माणसं भेटली की बाहेर पडतं! मी फिजिओथेरपिस्ट. इतवाऱ्यात माझं क्लिनिक आहे, आणि संध्याकाळी लोधीपुऱ्यातल्या हॉलमध्ये महाजन सरांची तलवारबाजीची पोरं सांभाळते.

*

हर्षल एकदा ट्यूशनवरून उशिरा आला. वॉर्मअप नाही, काही नाही, मास्क चढवून थेट खेळायला उतरला. पुढचा पाय लांब टाकून पहिलाच वार केला आणि किंचाळून खाली बसला. गर्रकन मागे वळून ओरडला, "किसने मारा बे?"

मागे फक्त भिंत होती! मांडीचा स्नायू फाटला की अगदी असंच वाटतं, कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखं.

*

रुचिता देडतलाई गावची, इथे मावशीकडे राहते. तिचा घोटा तिसऱ्यांदा मुरगळला तेव्हा मी सांगितलं, "महिनाभर तलवार बंद. फक्त एका पायावर तोल सांभाळायचे व्यायाम." निवड चाचणी दीड महिन्यावर होती. पोरगी रडायलाच लागली.

तिचे वडील केळी लावतात. तेही सोबत आले होते. मला वाटलं, आता हे खेळच बंद करणार!

"मॅडम, घड जड झाला का आम्ही झाडाले टेकू देतो. झाड थोडीच तोडतो! काय व्यायाम हाय, मले बी दाखवा."

उठले, एका पायावर उभे राहिले आणि धाडकन माझ्या टेबलावर पडले! रुचिता रडता रडता हसली. महिनाभर बापलेक रोज सकाळी फोन लावून एका पायावर उभे असायचे.

*

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सर मास्क तपासत होते. हर्षलच्या मास्कची जाळी त्यांच्या अंगठ्याखाली सरळ आत गेली. सरांनी मास्क बाजूला टाकला.

"सर, लकी मास्क आहे माझा!"

"लकी होता म्हणूनच दोन्ही डोळे शाबूत आहेत तुझे!"

पोरं हसली. सर माझ्याशेजारी येऊन बसले. हळूच म्हणाले, "मॅडम, मागच्या आठवड्यात मी तपासलेच नव्हते."

*

आणि निवड चाचणीचा शेवटचा सामना. पंधरा पॉइंटचा. रुचिता चौदा, समोरची मुलगी चौदा.

दोघी एकदमच पुढे झेपावल्या. कडकन आवाज आला. समोरच्या मुलीचं ब्लेड मधोमध तुटलं, आणि उरलेला धारदार तुकडा रुचिताच्या काखेशी जॅकेटमध्ये घुसला! पंच ओरडले, "थांबा!" मी धावले. तिच्या जॅकेटची चेन उघडली.

जॅकेट फाटलं होतं. आत काखेखाली घालायचं जाड अर्धं कवच वरून चिरलं होतं. खाली कातडीवर फक्त एक लाल रेघ. सकाळीच ती म्हणाली होती, "मॅडम, इतक्या गर्मीत आत अजून ते कशाला?"

वार लागला की पेटणारा दिवा लागलाच नव्हता, म्हणजे पॉइंट कुणालाच नाही. त्या मुलीची दुसरी तलवार तपासणीतच बाद झाली होती. चालणारी तलवार नाही म्हणजे रेड कार्ड, आणि पंधरावा पॉइंट रुचिताला. ती मुलगी तुटका तुकडा हातात धरून उभी होती.

सर पुटपुटले, "रुचिता, तिच्याकडे दुसरी नाहीये. समजतंय ना?"

"समजतंय, सर." तिनं बॅगेतली आपली दुसरी तलवार काढली आणि त्या मुलीला दिली. "घे. पण आधी पाणी पी, हात थरथरतोय तुझा."

पुन्हा सामना लागला. सात-आठ सेकंद. त्याच तलवारीनं त्या मुलीनं पंधरावा पॉइंट मारला.

सामना ती जिंकली. मग तलवार परत द्यायला आली. रुचितानं तलवार घेतली, मुठीपासून टोकापर्यंत ब्लेडवरून दोन बोटं सावकाश फिरवली आणि म्हणाली,

"ठीक आहे. वाकली नाही."