एका दगडाखालचे दोन कोळी

मित्रहो, आज सकाळी पूजा आटोपून काशीदच्या माळावर एक दगड उलटला. जाळं न विणता जमिनीवर धावणाऱ्या कोळ्यांची जोडी एकाच रेशमी घरट्यात बसली होती: काळी मादी, तांबूस नर.

अशाच काळ्या आणि तांबूस कोळ्यांना वेगळ्या जाती समजून मी वर्षानुवर्षं मुंबईच्या अभ्यासकांकडे पाठवत आलो. तांबूस सगळे नरच निघतात, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. त्या तांबूस 'नव्या' जातीला ते आमच्या गावाचं नाव देणार होते.

घरी येऊन सांगितलं, तर बायको म्हणाली, "अवो, दगडाखाली कोन बघायला जातंय? गावाचं नाव छापून येतंय तं येऊं द्या ना!"

तुम्ही काय केलं असतं? वाकून वाकून पाठ गेली आहे, आता पुन्हा दुसरी नवी जात शोधायचं बळ नाही. दुपारभर देवापुढे नुसता बसलो.

मग एसटीने रेवदंड्याला गेलो आणि अभ्यासकांना पत्र टाकलं: जात एकच आहे, चूक माझी.