लाइनवर थांबणाऱ्या बाई

समोरच्या ऑपरेटर बाईंनी मला फसवलं. सौद्यात फसवलं, तेही माझ्यासारखीला, जिच्यापुढे भले भले होलसेलवाले हात टेकतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागेन आणि तुम्हाला वाटेल, हिची तक्रारच नाही. तक्रार आहे.

चारकोपला आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात त्या एकट्या राहायच्या. विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. पाहुण्यांना पहाटे फोन करून उठवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्या तरी बोलताना डावा हात कानाशी जायचा, जणू रिसीव्हर अजून तिथेच आहे. जिन्यात मी कुणाशी भांडत असले की तसाच हात कानाशी नेऊन म्हणायच्या, "शेठाणी, लाइन गरम झालीय. ठेव जरा."

मी भांडायचे, हे खरं. खांद्यावर गाऊनचं बोचकं घेऊन, एकेक बिल्डिंग चढत मी धंदा उभा केला. आज मार्केटात माझं स्वतःचं दुकान आहे. आवाज खाली ठेवून हे होत नाही. पण माझी भांडणं अंथरुणातच सुरू व्हायची. डोळे उघडले की उशाखालचा फोन, फोनमध्ये होलसेलवाल्याचा मेसेज, आणि तो वाचून पेटलेलं डोकं घेऊन मी घरभर फिरायचे. घरात आम्ही दोघीच. त्यामुळे तोंडी सापडायची ती माझी मुलगी.

एक दिवस ती म्हणाली, "मम्मी, मी मरोळला ऑफिसजवळ पीजी बघतेय."

"का? इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही. मला फक्त तुझी सकाळ नको."

इतकं शांतपणे म्हणाली की मला ओरडताही येईना. मी सरळ जाऊन समोरचं दार वाजवलं.

"बाई, तुम्ही लोकांना उठवायच्या ना? मला उठवा. डोकं तापायच्या आधी. महिन्याला एक गाऊन देते, प्युअर कॉटन."

"गाऊन नको. उठल्यापासूनचा तास माझा. मी सांगेन ते करायचं."

"तास? अहो, माझं दुकान कोण उघडणार? पाव तास."

"बरं, पाव तास."

समोरचा इतक्या पटकन कबूल झाला की समजावं, आपण त्याच्याच भावात आलो. तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

"आणि फोन ओट्यावर ठेवून झोपायचं," त्या म्हणाल्या. "उशाशी नाही."

"मग वाजल्यावर उठून स्वयंपाकघरात जावं लागेल."

"हो का?" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत रिंग. मी ठेचकाळत ओट्यापाशी गेले.

"गुड मॉर्निंग, शेठाणी. पाय जमिनीवर आहेत?"

"नाहीतर काय उडत आले?"

"छान. माठ शेजारीच आहे. पाणी पी. मी लाइनवर आहे."

आणि खरंच थांबायच्या. माझे घोट ऐकायच्या. ही त्यांची हॉटेलातली रीत. पाहुणा 'उठलो' म्हणाला म्हणून फोन ठेवायचा नाही. 'उठलो' तर लोक झोपेतच म्हणतात. नळाचा नाहीतर पडदा सरकल्याचा आवाज आला, की मगच रिसीव्हर खाली. "एका वैमानिकाने मला झोपेतच लग्नाचं विचारलं होतं," त्या सांगायच्या. "मी म्हटलं, आधी तोंड धुवा."

पाण्यानंतर खिडकी आली. खिडकीनंतर, "दूध तूच घेऊन ये ना, पिशवीला काय पाय आहेत?" दूध आणता आणता, "खाडीच्या बाजूने ये, तिकडे हवा फुकट आहे." पाव तासाचा तास कधी झाला, मला कळलंच नाही. आणि काय सकाळी होत्या त्या, कसं सांगू तुम्हाला. एवढी वर्षं चारकोपला काढली, पण खाडीवर बगळे उतरतात हे मला ठाऊक नव्हतं. मी भरभर चालायचे, मोठ्याने हसायचे, वॉचमनलाही आधी 'जय भीम' घालायचे. तो घाबरायचा. होलसेलवाल्याचा मेसेज आंघोळीनंतर वाचला की निम्मा वाईट वाटायचा, आणि थंड डोक्याने मी भाव आणखी खाली आणायचे.

मुलगी सुरुवातीला चहा उभ्यानेच प्यायची, बॅग खांद्याला. मग बसून प्यायला लागली. मग म्हणाली, "मम्मी, उद्या पोहे करू या?" पीजीचा विषय तिने काढला नाही. मी तर मुळीच नाही.

आणि एका सकाळी फोन वाजला नाही.

मी ओट्यापाशी उभी. वाट पाहिली. फोन लावला, बंद. समोरच्या दाराला कुलूप. धावत खाली गेले, तर वॉचमन म्हणाला, "बाई काल भावाकडे गेल्या, मुलुंडला. सामान घेऊन. आता तिकडेच राहणार म्हणाल्या."

मी वर आले ती पेटूनच. मुलगी खोलीतून बाहेर येत होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिचा हात बॅगेच्या पट्ट्याकडे गेला. तो हात मी पाहिला. तशीच स्वयंपाकघरात गेले. पाणी प्यायले, सावकाश, एकेक घोट. ऐकायला कुणी नव्हतं. खिडकी उघडली. थोड्या वेळाने मागून आवाज आला. मुलगी कांदा चिरत होती.

दुपारी बाईंचा फोन आला.

"अगं, तू हल्ली पहिल्या रिंगलाच उचलायचीस. असा पाहुणा असला की आम्ही फोन करणं थांबवायचो. तो आपला आपण उठतो."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू भाव केला असतास."

असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. इतक्या दिवसांत माझ्याआधी कधी ठेवला नव्हता.

आता तुम्हीच न्याय करा. त्या सकाळी माझ्या तोंडून एक शब्द वाकडा गेला असता, तर पोरगी आज मरोळला असती. हॉटेलात पाहुणा उठला नाही तर फार तर विमान चुकतं. इथे माझं घर होतं, आणि बाईंनी ते मला न विचारता डावाला लावलं. डाव जिंकला, म्हणून गुन्हा माफ होत नाही. त्यांनी मुलुंडहून यावं, माझ्या मुलीसमोर बसावं आणि सांगावं, कुणाला विचारून केलं हे. आणि सकाळीच यावं. दुपारी मला वेळ नसतो.